लंकाबाईचं दहावं बोट

दत्तू बोडके चित्रकार झाला, त्याच्या आधी तो माणसं गोरी करायचा. अशोक स्तंभाच्या मागच्या गल्लीत त्याचं 'गजलक्ष्मी डिजिटल' नावाचं फ्लेक्सचं दुकान होतं, अजूनही आहे. नाशिकच्या कुठल्याही चौकात तुम्ही सिग्नलला थांबून मान वर केली असेल, तर दत्तूचं काम तुम्ही पाहिलेलं आहे. बघायची इच्छा नव्हती तरी पाहिलेलं आहे. वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, निवडीबद्दल जाहीर अभिनंदन आणि भावपूर्ण श्रद्धांजली या तीन विषयांवर त्याने वीस वर्षं काढली.

या धंद्याचे नियम आहेत आणि ते दत्तूला तोंडपाठ होते. साहेबांचं डोकं सगळ्यात मोठं. भाऊंचं त्याच्या खालोखाल, पण वाढदिवस भाऊंचा असेल तर बरोबरीचं, आणि साहेबांना राग येणार नाही इतपतच बरोबरीचं. खाली शुभेच्छुकांची गोल गोल डोकी, ताटात पेढे मांडावेत तशी. कुणाचं डोकं कुणाच्या डावीकडे गेलं यावरून दुकानात कॉलर धरल्याचे प्रसंग घडलेले. माणूस काळा असेल तर गहूवर्णी करायचा, गहूवर्णी असेल तर गोरा करायचा, आणि मुळात गोरा असेल तर त्याला गॉगल घालायचा.

मयताचं काम आणखी सोपं होतं. दत्तूच्या कंप्युटरमध्ये एक निळा कोट होता. कुठल्या गोऱ्या मॉडेलच्या अंगावरचा, देव जाणे. घरचे लोक रेशन कार्डावरचा किंवा कुणाच्या तरी लग्नातला फोटो घेऊन यायचे, दत्तू त्यातलं डोकं कापून त्या कोटावर बसवायचा. जन्मभर धोतर नेसलेली माणसंसुद्धा सिन्नर तालुक्यातून त्याच एका निळ्या कोटात स्वर्गाला गेली. तिथे दारावर कुणी पेहराव बघत असेल तर एव्हाना त्याला संशय आला असणार.

आणि दोन हात होते. नमस्काराचे. गुलाबी नखांचे, लांबसडक बोटांचे, अंगठे किंचित बाहेर आलेले. भाऊ मतदारांना नमस्कार करायचे ते याच हातांनी, स्वर्गवासी आजोबा निरोप घ्यायचे तेही याच हातांनी, आणि नवरात्रात देवीपुढे उभ्या महिला मंडळाच्या अध्यक्षाबाईंनाही हेच हात. मूळ हात कोणाचे ते दत्तूला माहीत नव्हतं. त्याने ते इतक्या वेळा कापले आणि चिकटवले होते की स्वतःच्या हातांपेक्षा त्याला ते जास्त ओळखीचे होते.

तर असा हा सुखाने चाललेला माणूस दिंडोरीला बिघडला.

तिथल्या एका वायनरीत 'वाइन आणि कॅनव्हास' नावाची संध्याकाळ होती. शहरातल्या लोकांनी द्राक्षाच्या मळ्यात बसून थोडी प्यायची, थोडं रंगवायचं आणि स्वतःला ओळखायचं, असा कार्यक्रम. दत्तू फक्त फ्लेक्स लावायला गेला होता. एक पाहुणा आलाच नाही, कॅनव्हास रिकामा राहिला, आणि कार्यक्रम घेणाऱ्या वेदिका मॅडमनी त्याला बसवलं. वेदिका मॅडमची गंगापूर रोडला आर्ट गॅलरी आहे. खालच्या मजल्यावर कॉफी, वरच्या मजल्यावर कला. दत्तूने समोरचा मळा रंगवला, तो बऱ्यापैकी वांग्याच्या वाफ्यासारखा दिसत होता. मॅडम मागे उभं राहून म्हणाल्या, "तुमच्या हातात काहीतरी दबून राहिलंय."

वीस वर्षांत गिऱ्हाइकांनी दत्तूला एकच वाक्य ऐकवलं होतं, ते म्हणजे 'भाऊंचं तोंड अजून जरा मोठं करा'. त्याच्या हातात काही असेल असं कुणी म्हटलंच नव्हतं. तो घरी आला तो जमिनीपासून वीतभर वर चालत.

"उज्वला, मी आजवर खोट्यात जगलो," तो बायकोला म्हणाला.

"जेवून घ्या आधी," उज्वला म्हणाली. "भात गार झालाय."

पुढच्या महिन्याभरात दत्तूने दाढी वाढवली, खादीचे कुर्ते शिवले, आणि दुकान उज्वलाच्या गळ्यात घातलं. उज्वला वाणिज्य शाखेची पदवीधर आणि स्वभावाने रोखठोक. तिने पंधरवड्यात फोटोशॉप शिकून घेतलं आणि डोक्यांच्या आकाराची भांडणं एका नियमाने संपवली. ज्याला मोठं डोकं हवं त्याने मोठा फ्लेक्स घ्यावा. धंदा वाढला. या गोष्टीचा दत्तूला थोडा राग आला, पण कलावंताने असल्या गोष्टींच्या वर राहायचं असतं म्हणून तो वर राहिला, म्हणजे गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत.

तिथे त्याचं तत्त्वज्ञान तयार झालं. चित्रं नंतर झाली, तत्त्वज्ञान आधी झालं. आल्यागेल्याला तो चहा पाजून ऐकवायचा. "माउस हा हात आणि मन यांच्यामधला दलाल आहे. मी दलाल काढून टाकला." किंवा, "कंप्युटरवर चूक पुसता येते, कॅनव्हासवर चूक भोगावी लागते." हे बोलताना तो खिडकीबाहेर बघायचा. प्रत्यक्षात कॅनव्हासवर चूक झाली की त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं आपोआप टेबलाच्या कडेवर दाबली जायची, कंप्युटरवर 'अनडू' करायला दाबतात तशी. टेबल काही मागे जायचं नाही. मग तो तिथे तपकिरी रंग लावायचा. त्याच्या पहिल्या डझनभर चित्रांत तपकिरी रंग फार आहे, आणि वेदिका मॅडमनी त्याला 'मातीचं आवाहन' असं नाव दिलं.

पण डझनभर आवाहनं झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "दत्ता सर, आता माणूस हवा. तुमच्या मुळातला. प्रदर्शन त्याच्याभोवती उभं करू."

दत्तूच्या मुळात लंकाबाई होती. दत्तूची आई, सिन्नरच्या पलीकडच्या गावात एकटी राहणारी, सत्तरी ओलांडलेली, कांदे काढायला अजून पोरींच्या पुढे. आणि योगायोग असा की लंकाबाईलाही दत्तूकडून तेव्हा एक चित्र हवं होतं, फक्त वेगळं.

तिकडे म्हातारी माणसं जिवंतपणीच आपला फोटो करून ठेवतात. नंतर धावपळीत पोरं कुठलाही उचलून लावतात, त्यापेक्षा आपणच बघून पसंत केलेला बरा. शेजारच्या सावित्रीबाईने दत्तूच्याच दुकानातून करवून घेतला होता. हिरवी पैठणी, नाकात नथ, रंग दुधासारखा. तो फोटो ती प्लास्टिकसकट पेटीत ठेवायची आणि सणासुदीला काढून बायकांना दाखवायची. लंकाबाईने दोनदा पाहिला, तिसऱ्यांदा तिला राहवलं नाही.

"मलाबी तसाच करून दे," ती दत्तूला म्हणाली. "मेल्यावर भित्तीला काय लावशील, आधार कार्ड?"

"आई, मी आता खोटं करत नाही."

"सावित्रीचं केलंस की."

"ते दुकानाने केलं. मी तुझं खरं चित्र काढणार आहे. तू आहेस तशी. एकेक सुरकुती."

"सुरकुत्या मला ठावं हायत," लंकाबाई म्हणाली. "त्या बघाया चित्र कशाला पायजे?"

याला दत्तूकडे उत्तर होतं, लांबलचक होतं, पण ती कांद्याच्या पातीला निघून गेली. त्याने ओट्यावर बसवून मोबाइलवर तिचे दोन फोटो काढले तेवढे. दोन्हीत तिने डावा हात पदराखाली घेतला होता. तो ती कुणी फोटो काढायला लागलं की नेहमीच घ्यायची, आणि नेहमीचं असल्यामुळे दत्तूच्या ते लक्षात आलं नाही.

दिवाळीपासून शिमग्यापर्यंत तो त्या चित्राला भिडला. आणि इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे, नाहीतर दत्तूवर अन्याय होईल. चेहरा त्याने खरंच चांगला काढला. कपाळावरचं गोंदण, ओठांच्या कडेला मिश्रीचा डाग, एक डोळा उन्हाने जरा बारीक झालेला. वीस वर्षं चेहरे घासून पुसून गुळगुळीत करणाऱ्या माणसाने कुठे काय पुसलं जातं ते नेमकं जाणलेलं असतं. त्याने ते सगळं परत आणलं. उज्वला एकदा वर चहा घेऊन आली ती कप हातात धरून तशीच उभी राहिली. दत्तूला वाटलं, हीच ती पावती. त्या रात्री त्याला आनंदाने झोप लागली नाही.

मग राहिले हात. फोटोत हात धड आले नव्हते. गाडीला किक मारली असती तर तासाभरात गाव होतं. पण मॅडमनी सांगितलं होतं की बाहेर बघू नका, आतून येऊ द्या. दत्तूने डोळे मिटले, आणि हात आतून आले. भराभर आले. दोन दिवसांत नमस्काराची जोडी तयार. त्याने त्यांना माती फासली, भेगा पाडल्या, नखं काळी केली. चित्राला नाव दिलं 'श्रमनमन'. वेदिका मॅडम हातांपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चेहरा तर आहेच, पण सत्य या हातांत आहे." हे वाक्य त्यांनी निमंत्रणपत्रिकेवर छापलं.

प्रदर्शनाच्या संध्याकाळी गंगापूर रोडची शिष्ट मंडळी आली, दिंडोरीचे वायनरीचे मालक आले, आणि गावाकडून काळ्या-पिवळ्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून लंकाबाई, सावित्रीबाई आणि आणखी चार बायका आल्या. इथेही लोक चपला काढतील असं समजून त्यांनी जिन्याखाली चपला काढल्या. लंकाबाईने ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसलं होतं. दत्तूने तिला पहिल्या रांगेत बसवलं, आणि हातात माइक घेऊन आपलं निवेदन वाचलं.

निवेदनात सगळं होतं. दलाल होता, भोगणं होतं, माती होती. आणि सुरुवातही होती. "माझा प्रवास फ्लेक्सपासून सुरू झाला नाही," दत्तू म्हणाला. "तो सुरू झाला सिन्नरच्या शाळेत, एलिमेंटरीच्या चित्रकलेच्या परीक्षेला. समोर तांब्या आणि दोन कांदे ठेवले होते. मी ते जसे होते तसे काढले. मला 'अ' श्रेणी मिळाली. मध्ये मी वाट चुकलो. आज मी परत तिथे आलोय. जे आहे ते बघायचं आणि तसंच काढायचं, एवढाच माझा धर्म."

टाळ्या झाल्या. चित्रावरचा पडदा ओढला. चेहरा बघून गावाकडच्या बायकांच्या तोंडून हुंकार निघाला, कारण भिंतीवर साक्षात लंकाबाई होती. दत्तूने ते ऐकलं आणि त्याचा ऊर भरून आला. मग सावित्रीबाई पुढे झाली. तिला लांबचं कमी दिसायचं म्हणून ती चित्राला नाक लागेल इतकी जवळ गेली, तिने खालून वर बघितलं आणि मागे वळून मोकळ्या आवाजात विचारलं,

"लंके, तुझं बोट कुठून आलं गं?"

हॉलमध्ये आधी हसू फुटलं, म्हातारी काहीतरी गमतीचं बोलली असं वाटून. सावित्रीबाई हसत नव्हती.

"काय झालं, आजी?" वेदिका मॅडमनी विचारलं.

"आवं, हिला डाव्या हाताला मधलं बोट नाय. कडबा कापायच्या कुट्टीत गेलं. दोन मानसांचं काम असतंया ते, एकानं चाक फिरवायचं, एकानं कडबा सारायचा. त्या दिशी ही एकलीच व्हती." मग तिला आपण फार चांगली आठवण सांगतोय असं वाटलं असावं, कारण ती दत्तूकडे बघून कौतुकाने म्हणाली, "चाकावर ह्योच असायचा. पन त्या दिशी ह्यो सिन्नरला गेलता. आता सांगितली न्हाई का, ती चित्राची परीक्षा."

सगळ्यांनी आधी लंकाबाईकडे पाहिलं. तिचा डावा हात पदराखाली गेलेला होता. मग सगळ्यांनी दत्तूकडे पाहिलं.

दत्तूला बोटाचं माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. त्या संध्याकाळी तो तांब्या-कांद्याच्या चित्राचं आईला सांगायला धावत आला तेव्हा तिच्या हाताला फडकं होतं, आणि ती म्हणाली होती की लागलंय जरासं. पुढे वर्षानुवर्षं त्या हाताच्या भाकरी त्याने खाल्ल्या. पण माहीत असणं वेगळं. आता त्याने वर चित्राकडे पाहिलं. अंगठे किंचित बाहेर. बोटं लांबसडक. करंगळ्या जुळलेल्या. ते भाऊंचे हात होते. निळ्या कोटातल्या आजोबांचे, महिला मंडळाच्या अध्यक्षाबाईंचे. फक्त माती फासलेले. त्याने डोळे मिटून आत पाहिलं होतं आणि आत दुकान होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डाव्या हाताची दोन बोटं कुर्त्याच्या खिशात आपोआप दाबली गेली.

"मीच सांगितलं त्याला," लंकाबाई म्हणाली.

ती उभी राहिली होती. माइकची तिला गरज नव्हती. "म्या म्हनलं, चित्रात तरी बोट घाल बाबा. देवाघरी जायाचं तर समदी बोटं घिऊन जावं. लेकाकडं मागितलं, त्यानं दिलं. आता तुमी समदे च्या घ्या."

मग वेदिका मॅडमनी टाळी वाजवली, आणि पाठोपाठ अख्खा हॉल. एका बाईंनी डोळे टिपले. दिंडोरीचे मालक पुढे आले आणि चित्राखाली विक्रीचा लाल ठिपका लागला. खरेपणाचा कार्यक्रम यशस्वीपणे पार पडला. दत्तू हात जोडून उभा होता, आणि ते कसे जोडले गेलेत याकडे त्याचं लक्ष गेल्याबरोबर त्याने ते सोडले.

जीप निघायच्या आधी जिन्याखाली, बायका चपला शोधत असताना, त्याने आईला बाजूला घेतलं.

"आई, तू मला बोटाचं कधी सांगितलंस?"

"नाय सांगितलं."

"मग तिथं तसं का म्हणालीस?"

"मग काय म्हनू?" लंकाबाई म्हणाली. "आईचा हात इसरला म्हनू? येवढी मोठाली मानसं आली व्हती तुझ्यासाठी." तिने पायात चप्पल सरकवली. "तोंड मातर झ्याक काढलंस. पन माझा पैठनीचा फोटू ऱ्हायला त्यो ऱ्हायलाच."

घरी आल्यावर दत्तूने उज्वलाला विचारलं, तुला चित्र बघितल्यावर कळलं नाही का. उज्वला म्हणाली, "कळलं की. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात आई भाकरी थापताना मी हात पाहिला होता. मला वाटलं, मुद्दाम केलंत. आपण गिऱ्हाइकाला करून देतो तसं." तिने हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, म्हणून ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी तो रंगाची पेटी घेऊन गॅलरीत गेला. चित्र दुरुस्त करतो, बोट काढून टाकतो, म्हणाला. वेदिका मॅडम घाबरल्या. "दत्ता सर, हात लावू नका. ते बोटच तर चित्राचा आशय आहे. मालकांनी बोटासाठीच घेतलंय." चित्राखालची पाटीही त्यांनी बदलली होती. 'श्रमनमन' जाऊन तिथे 'परत आलेलं' असं आलं होतं, आणि खाली बारीक अक्षरात मुलाने आईच्या इच्छेवरून तिचं हरवलेलं बोट कसं परत दिलं त्याची हृद्य कथा. दत्तूने ती पूर्ण वाचली. ती छान लिहिली होती. त्याने विरोध केला नाही, चित्र त्याच पाटीसकट दिंडोरीला गेलं, आणि तिथे आता लोक पेले हातात धरून त्याच्यापुढे हळवे होतात.

पुढच्या आठवड्यात लंकाबाई दवाखान्याच्या कामाने नाशिकला आली ती सरळ दुकानात. उज्वला कंप्युटरवरून उठायला लागली, पण गच्चीवरून दत्तू खाली आला आणि म्हणाला, "राहू दे. आईचं मी करतो." बऱ्याच दिवसांनी तो त्या खुर्चीत बसला. माउस हातात घेतला. त्याने हिरवी पैठणी काढली, नथ काढली, पैठणीवर आईचा चेहरा बसवला. लंकाबाई शेजारी स्टुलावर बसून बघत होती, आणि खूश होती.

मग त्याने नमस्काराचे हात उघडले, आणि थांबला.

"आई, हात दाखव."

"आता कशापायी? त्यात हायत की." तिने हनुवटीने पडद्याकडे खूण केली.

"दाखव."

तिने पदराखालून हात काढला आणि टेबलावर ठेवला. दत्तूने तो पाहिला. पहिल्या पेरापाशीच संपलेलं ते बोथट टोक, त्याच्यावरची बारीक चकचकीत कातडी, शेजारचं बोट जरासं त्याच्याकडे कललेलं, रिकाम्या जागेला टेकायला गेल्यासारखं. त्याने पडद्यावरचे हात पुसून टाकले, मोबाइलने तिच्या हातांचा नमस्कार टिपला आणि तो पैठणीवर बसवला. हे एवढं काम करताना तो दोनदा चुकला, दोनदा चूक पुसली आणि पुन्हा नीट केली.

लंकाबाई पडद्याजवळ वाकली. मोजल्यासारखं तिने बोटांवरून नजर फिरवली.

"बोट काढलंस व्हय," ती म्हणाली.

"नव्हतंच ते, आई."

ती हात परत पदराखाली घेणार होती, पण तो तिने तसाच टेबलावर राहू दिला. उज्वला काउंटरमागून बघत होती. बाहेर कुणीतरी भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स न्यायला येऊन उभं होतं.

"बरं," लंकाबाई शेवटी म्हणाली. "मग रंग तरी जरा उजळ कर. सावित्रीपरीस."

दत्तूने केला.